म्लादेन जिवंत आहे

नेद्याल्कोच्या दुकानात किल्ल्या करून मिळतात, बुटांना तळ लावून मिळतात, झेरॉक्स निघते आणि शोकपत्रकं छापून मिळतात. दुकान चालतं ते शेवटच्या धंद्यावर. दोल्ना लुका या आमच्या गावात कुलूप लावून ठेवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, आणि ज्यांच्या पायात बुटांचे तळ झिजवायची ताकद होती ते सगळे स्पेनला गेले. मरायला मात्र आम्ही इथंच थांबलो आहोत. त्यामुळं बसथांब्यावर, लिंडेनच्या झाडांच्या खोडांवर, विजेच्या खांबांवर, जिकडं बघावं तिकडं काळ्या चौकटीतले चेहरे. माणूस गेला की एक पत्रक, चाळीस दिवसांनी दुसरं, मग सहा महिन्यांचं, मग वर्षाचं. आमच्या रस्त्यांवर जिवंतांपेक्षा मेलेल्यांची वर्दळ जास्त, असं म्लादेन म्हणायचा.

म्लादेनबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला गंमत वाटेल.

जिल्ह्याच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी तो चालवायचा. डोंगराकडच्या वाड्यांवर, जिथं पाववाल्याची गाडीसुद्धा कुरकुर करत जायची, तिथं हा पुस्तकं घेऊन जायचा. चिखल असो, बर्फ असो. गाडी सरकारनं बंद केली तेव्हा त्यानं ती आमच्या वाचनालयाच्या मागं उभी केली. तिच्यात आता कोंबड्या राहतात. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मी गेनोवेवा, वाचनालयाची सेक्रेटरी, ग्रंथपाल, झाडूवाली, आणि लोकनृत्याचा संघ होता तोवर त्यांचे झगे इस्त्री करणारीही. सगळे मला वेवा म्हणतात. म्लादेन मला आवडायचा. हे गावाला माहीत होतं, वाड्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्यानं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि रोज दुपारी चारला तो माझ्याकडं कॉफी प्यायला यायचा. एवढंच. पण एवढं ज्याला वर्षानुवर्षं मिळालं त्यालाच त्याची किंमत कळेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची फुप्फुसं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, पण हवेतला प्राणवायू गोळा करून नळीनं नाकात सोडणारं एक मशीन मिळतं. ते घरात असलं तर माणूस खुर्चीत बसून राहू शकतो, जेवू शकतो, कॉफी पिऊ शकतो. नसलं तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत बसले. विम्याच्या कचेरीत मी चार खेपा घातल्या. तिथं मशीन मिळत नाही, मशीन का मिळत नाही याचा कागद मिळतो.

म्हणून पुस्तकं गोळा करायचं माझ्या डोक्यात आलं. पैसे मागितले तर आमचे लोक खिशाऐवजी आभाळाकडं बघतात, पण पुस्तक प्रत्येक घरात असतं. जुन्या काळी लग्नात जोडप्याला भेट म्हणून दिलेली कातडी बांधणीची, कुणी न उघडलेली. ती आणा, मी राजधानीतल्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला विकते, मशीन येईल. इतका साधा हिशेब होता.

मजकूर मी नेद्याल्कोला लिहून दिला. एक फोटोही दिला, म्लादेनचा त्यातल्या त्यात हसरा. नेद्याल्को म्हणाला, "वेवा, याचे मी काही घेणार नाही. म्लादेननं माझ्या पोराला अक्षरओळख करून दिली. छापतो पण मीच आणि लावतो पण मीच."

माणूस चांगला. चांगल्या माणसांची मला तेव्हापासून धास्ती बसली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले तर बसथांब्यावर म्लादेन. काळ्या चौकटीत. खालच्या खांबावर म्लादेन. चर्चच्या फाटकावर म्लादेन. तिथंच फळकुटावर बसले आणि मग वाचलं. वर ठळक अक्षरात नाव. त्याखाली माझंच वाक्य: 'वर्षानुवर्षं त्यानं आपल्या दारात पुस्तकं आणली. त्याच्यासाठी एक पुस्तक घेऊन या. वाचनालय, शनिवारी सकाळी.' आणि मशीनचा सगळा मजकूर तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, जिथं एरवी 'शोकाकुल कुटुंबीय' असतं तिथं. तिथवर कोण वाचतं?

मी तशीच दुकानात गेले. "नेद्याल्को, हे काय केलंस?"

"का? चुकलं काही?"

"काळी चौकट!"

"अगं, माझ्या संगणकात एकच नमुना आहे. चौकट निघतच नाही त्यातली. पण बारीक केली की. आणि क्रॉस काढला. बघ ना, क्रॉस आहे का कुठं?"

"आणि लावलीस कुठं?"

"जिथं नेहमी लावतो तिथं," तो म्हणाला. "वाड्यांवरसुद्धा जाऊन लावून आलो काल. पेट्रोल माझंच."

त्यात शनिवार कुठला, तर मृतांचा शनिवार. नोव्हेंबरातला. त्या दिवशी अख्खा जिल्हा उकडलेले गहू, साखर, अक्रोड घेऊन स्मशानात जातो आणि मेलेल्यांच्या नावानं वाटतो. तारीख निवडताना मी फक्त बस बघितली होती. त्या दिवशी वाड्यांवरून जादा बस असते.

म्लादेनला मी पत्रक दाखवलं. लपवून काय करणार? त्यानं ते खिडकीकडं धरलं. "फोटो बरा आहे," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "नाक मोठं आलंय."

"मी सगळी फाडून टाकते."

"राहू दे. पावसानं... जातील."

शनिवारी त्यानं हट्टच धरला. नेद्याल्कोनं त्याला गाडीत घालून वाचनालयाच्या मागच्या दारानं आणलं आणि रंगमंचाच्या पडद्यामागं, जिथं नाचाचे झगे टांगलेले असतात तिथं खुर्चीत बसवलं. माझा बेत असा की लोक जमले की पडदा सारायचा. बघा, हा जिवंत आहे, हसताय काय, मशीन आणायचंय.

लोक आले. माझा विश्वास बसेना इतके आले. वाड्यांवरचे, नदीपलीकडचे, काळे रुमाल बांधलेल्या बायका, टोप्या हातात घेतलेले म्हातारे. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. पहिली आली बोन्का, वरच्या वाडीची. माझ्याच वयाची, पण सगळ्या गोष्टी आपल्याला आधी कळल्या असा तिचा चेहरा असतो. तिनं टेबलावर एक पुस्तक ठेवलं आणि माझ्या हातात गव्हाचा पेला दिला.

"म्लादेनच्या नावानं," ती म्हणाली.

"देव त्याला क्षमा करो," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून जिभेला वळण आहे. कुणी मेलेल्याच्या नावानं दिलं की हेच म्हणायचं. म्हटलं आणि जीभ चावली. तो पडद्यामागं चार पावलांवर बसलेला!

बोन्का पुस्तकावरून हात फिरवत होती. "त्याला मी सांगितलं होतं की हे शेळीनं खाल्लं," ती म्हणाली. "शेळी नव्हतीच आमच्याकडं त्या वर्षी. मला ते ठेवून घ्यायचं होतं. त्यालाही ठाऊक असणार, पण बोलला नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, शेळीला आवडलं का?" आणि ती रडायला लागली.

मी पुस्तक उघडलं. सतराव्या पानावर जिल्हा ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्का. आमच्याकडं शिक्का पहिल्या पानावर मारतात आणि सतराव्यावर मारतात. पहिलं पान फाडता येतं, सतरावं फाडलं तर गोष्टच तुटते.

मग लक्षात आलं. मागं उभ्या असलेल्या सगळ्यांच्या हातात म्लादेनच्या गाडीतून नेलेली, कधी परत न केलेली पुस्तकं होती. कुणी ट्रॅक्टरखाली ठेवलेलं, कुणी लोणच्याच्या बरणीवर झाकलेलं, कुणी खरंच प्रेमानं जपलेलं. मेलेल्या माणसाचं आपल्याकडं काही राहू नये, एवढी लाज आमच्या लोकांना आहे. जिवंत माणसाचं राहिलेलं चालतं.

मी पडद्याकडं सरकले. दोरी हातात घेतली. फटीतून म्लादेन दिसला. झग्यांच्या मधे बसलेला, ओठांवर बोट. डोळे ओले. मान हलवून मला 'नको' म्हणत होता. बाहेर कुणीतरी सांगत होतं की बर्फात गाडी अडकली तेव्हा त्यानं खिडकीतून पुस्तकं आत दिली होती. कुणी सांगत होतं, माझी आई त्याची वाट बघत केस विंचरायची. त्याला ते सगळं ऐकायचं होतं. कोणत्या माणसाला नाही ऐकायचं?

मी दोरी सोडली. मी अजूनही त्याच्यावर चिडलेली आहे त्या बोटासाठी.

दुपारी सगळे गेल्यावर नेद्याल्कोनं त्याला टेबलापाशी आणलं. तो एकेक पुस्तक उचलून हुंगत होता. "हे गिरणीवाल्यांकडं होतं. हे... त्या लंगड्या शिंप्याकडं. बघ, कापडाचा धागा. आत." बोलून बोलून निळा पडला. तरी हसत होता. "वेवा, सगळी वसुली झाली. नोकरीत असतो तर बढती मिळाली असती."

"मशीनचं काय?" मी ओरडलेच.

"आधी मला... मोजून दे बघू," तो म्हणाला आणि पुस्तकांवरच डोकं ठेवून झोपला.

पुढच्या आठवड्यात व्यापारी आला. तरुण, नीटनेटका, टेबलाभर पुस्तकं बघून खूष झाला. पहिलं उचललं, सतरावं पान उघडलं, ठेवलं. दुसरं उचललं, सतरावं पान, ठेवलं. शेवटी तो उचलेनासाच झाला, नुसता कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा आणि जांभळा रंग दिसला की हात काढून घ्यायचा.

"मावशी, ही सरकारी आहेत सगळी. ही मी घेतली तर मला आत टाकतील."

"सरकारनं ती विचारलीसुद्धा नाहीत इतक्या वर्षांत."

"विकायला काढली की विचारतात."

बिनशिक्क्याची त्याला दोनच सापडली, एक लोणच्या-मुरांब्यांचं आणि एक अळंब्यांचं, रंगीत चित्रांचं. त्यांच्या बदल्यात त्यानं कॉफीचं एक पाकीट दिलं. मी घेतलं. नाही घेतलं असं सांगायला छान वाटलं असतं.

तेव्हा मी ठरवलं, लोकांना खरं सांगायचं आणि पुन्हा मागायचं. या वेळी पुस्तक नको, सरळ मदत. म्लादेन तोवर अंथरुणाला खिळला होता, गावाच्या टोकाच्या त्याच्या घरात, जिथं आजूबाजूची सगळी घरं बंद आहेत. नेद्याल्को, मी आणि आठवड्यातून एकदा येणारी नर्स सोडून त्याला कुणी बघत नव्हतं. मी बसनं वरच्या वाडीला गेले. बोन्काच्या स्वयंपाकघरात बसले. तिनं माझ्यापुढं सूप ठेवलं.

"बोन्का, नीट ऐक. म्लादेन जिवंत आहे."

तिनं चमचा खाली ठेवला. माझा हात हातात घेतला. "हो गं. आमच्यासाठी पण आहे."

"तसं नाही! खराखुरा जिवंत आहे. घरी आहे. खाटेवर."

"माझा नवरा, पेटको, गेला ना," ती म्हणाली, "तेव्हा मला पण तो खाटेवर दिसायचा. मी त्याचं ताट वाढायचे. खा तू, गार होतंय."

"मी वेडी वाटते का तुला?"

"वेडी कशाला? माणूस नव्हता तो तुझा? लग्न केलं नाहीत म्हणून काय झालं?" तिचे डोळे इतके मायेनं भरले होते की मला ताट तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आयुष्यभर मला जे कुणी म्हटलं नव्हतं ते ती म्हणाली, आणि केव्हा म्हणाली!

मी तिथूनच म्लादेनला फोन लावला आणि फोन तिच्या कानाला धरला. "बोल त्याच्याशी." पलीकडं त्यानं उचलला असणार. त्याला बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागायचा. बोन्का थोडा वेळ ऐकत राहिली. "नुसता वारा येतोय," ती म्हणाली आणि फोन हळूच माझ्या खिशात ठेवला. "चल माझ्याबरोबर, उद्याच्या बसनं, बघ त्याला," मी म्हणाले. "येईन की," ती म्हणाली, "चाळिसाव्याला नक्की येईन. थडग्यावरच भेटू."

प्रत्येक घरात हेच. हात हातात घ्यायचे, सूप वाढायचे, हो म्हणायचे. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली आणि म्हणाला, "खरं बोललीस वेवाताई. अशी माणसं मरत नाहीत." इतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

नेद्याल्कोला आपल्या हातून काय झालं ते तोवर उमगलं होतं. बिचारा झोपत नव्हता. म्हणाला, "दुसरं पत्रक काढतो. ठसठशीत मोठ्या अक्षरात." काढलं. वर लिहिलं, 'म्लादेन जिवंत आहे'. खाली मशीनचं, तेही मोठ्या अक्षरात. पण चौकट तीच, कारण ती निघतच नाही. फोटो तोच. पुन्हा जिथं नेहमी लावतो तिथंच लावलं, कारण दुसरीकडं आमच्याकडं कुणी बघतच नाही. मी बसथांब्यावर उभी राहून पाहिलं. लोक यायचे, चेहरा बघायचे, पहिली ओळ वाचायचे, छातीवर क्रॉस काढायचे. "किती सुंदर लिहिलंय," एक बाई म्हणाली. तळाशी कुणीतरी फुलं ठेवली. दोन. मेलेल्याला आम्ही जोडीनं फुलं देतो, जिवंताला एक, तीन, अशी विषम.

ती फुलं मी उचलली, एक फेकून दिलं आणि एक म्लादेनकडं घेऊन गेले. त्याला सांगितलं नाही कुठून आणलं. त्यानं ते छातीवर ठेवून घेतलं. "वेवा," तो म्हणाला. श्वास गोळा केला. मग, "बस जरा. चार वाजले... ना?"

चार वाजायचे होते, पण मी हो म्हणाले. व्यापाऱ्याच्या पाकिटातली कॉफी केली. त्याला चमच्यानं दिली. त्यानंतर रोज तेच. मशीन आलं नाही. यायला कुठून येणार होतं? शेवटी शेवटी तो झोपेत गाडी चालवायचा. पाय हलायचे, वळण आलं की हात वळायचा. डिसेंबरात एका सकाळी मी गेले तर हात वळलेला तसाच होता.

पत्रक नेद्याल्कोनंच छापलं. या वेळी मी काही लिहून दिलं नाही, नमुन्यातच सगळं असतं. त्यानं क्रॉस परत जागेवर बसवला, बाकी काही बदलावं लागलं नाही. लावायला मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. मला एकच हवं होतं आता. मृतांच्या शनिवारी पडद्यामागून त्यानं जी गर्दी ऐकली, ती उद्या त्याच्या मागून चालावी. खड्ड्यापाशी मी, नेद्याल्को आणि पाद्री एवढेच असू नये. त्यासाठी बाजाराच्या दिवशी मी बसथांब्यावर गोंदाचा ब्रश घेऊन उभी राहिले.

वरच्या वाडीची बस आली. बोन्का उतरली, हातात दोन पिशव्या. पत्रकापुढं थांबली. हातमोजा काढला, छातीवर क्रॉस काढला.

"झाले पण चाळीस?" ती म्हणाली. "दिवस कसे जातात बघ." पिशवीत हात घालून तिनं अक्रोडाचं एक बिस्कीट काढलं, माझ्या गोंदानं चिकट झालेल्या हातात ठेवलं. "म्लादेनच्या नावानं."

"देव त्याला क्षमा करो," मी म्हणाले. या वेळी जीभ चावायची गरज नव्हती.

ती निघाली. मी तिची बाही धरली. "बोन्का, तो काल गेला. उद्या अकराला दफन आहे. सगळ्यांना घेऊन ये. येशील ना?"

बोन्कानं पिशव्या खाली ठेवल्या. माझ्या गालाला हात लावला.

"हो गं बाई," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर असंच वाटत राहतं. कालच गेला असं."